ओएचसीत रुजू होताय? कारखान्यातल्या सिस्टरचं काम, पहिल्या दिवसापासून

"सिस्टर, एक पित्ताची गोळी द्या ना." कंपनीच्या दवाखान्यात, म्हणजे आपल्या भाषेत ओएचसीत, रुजू झाल्यावर तासाभरात हे वाक्य कानावर पडेल. तुम्ही गोळी द्याल, रजिस्टरमध्ये नाव आणि टोकन नंबर लिहाल, पोरगा सही करून पळेल. असे दिवसाला तीस-चाळीस जण. महिनाभरात हात बसतो आणि वर्षभरात वाटायला लागतं की आपण नर्सिंग शिकलो कशाला, हे काम मेडिकलवाल्याच्या पोरानेही केलं असतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

त्याआधी मी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. तिथे पेशंट येतो तेव्हा त्याला आजारी पाडणारी गोष्ट कुठेतरी लांब मागे राहिलेली असते. इथे ती भिंतीपलीकडे चालू असते, आणि गोळी घेऊन माणूस परत तिच्यासमोरच जाऊन उभा राहतो. हा फरक डोक्यात बसला की ओएचसीतलं काम कळायला लागतं. गोळीच्या आधी मशीन विचारायचं, एवढंच माझं सांगणं आहे. बाकी सगळा लेख ते कसं करायचं याचा आहे.

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून पहिल्यांदा कारखान्यात पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी 'सिस्टर' म्हणतेय, पण एमआयडीसीत ब्रदरही भरपूर आहेत. त्यांनाही हे सगळं तसंच लागू. माझा अनुभव चाकण-भोसरी पट्ट्यातला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचा आहे. तळोजा किंवा लोट्याच्या केमिकल कंपनीत धोके वेगळे असतील, पण कामाची रीत तीच.

रुजू होताना: आधी कागद

ऑफर लेटरवर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांसकट एकूण किती कामगार आहेत, प्रक्रिया 'धोकादायक' यादीत मोडते का, आणि फॅक्टरी मेडिकल ऑफिसर पूर्णवेळ आहेत की आठवड्यातून दोनदा येणारे. तुमच्या डोक्यावर किती भार पडणार ते या तीन उत्तरांवरून कळतं.

कारखाने अधिनियम १९४८ या जुन्या कायद्याप्रमाणे दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ५०० च्या वर कामगार असतील तर अॅम्ब्युलन्स रूम लागते. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांचे नियम आणखी कडक. २०० च्या वर कामगार असतील तर पूर्णवेळ डॉक्टर, किमान दोन खोल्यांचं ओएचसी, आणि काम चालू असेल तितका वेळ एक नर्स, एक ड्रेसर-कंपाउंडर आणि एक वॉर्डबॉय हजर हवेत. 'काम चालू असेल तितका वेळ' म्हणजे तिसरी पाळीही आली, हे एचआरला आठवण करून द्यावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची नवी संहिता लागू झाली आहे, तेव्हा तुमच्या कारखान्याला आज नेमका कुठला नियम लागतो ते सेफ्टी ऑफिसरबरोबर बसून एकदा वाचून घ्या. ऐकीव माहितीवर राहू नका. इन्स्पेक्शनला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे साहेब आले की पहिलं बोट हेल्थ रजिस्टरवर पडतं, आणि ते तुमच्या ताब्यात असतं.

दुसरा कागद म्हणजे स्टँडिंग ऑर्डर. डॉक्टर नसताना तुम्ही कुठलं औषध, किती, कुठल्या तक्रारीला देऊ शकता आणि कुठे थांबून फोन करायचा, याची डॉक्टरांच्या सहीची लेखी यादी. ती नसेल तर रुजू झाल्याच्या आठवड्यात करून घ्या. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला सुपरवायझर गोळी देऊन परत लाइनवर पाठवायला सांगतो, तेव्हा तुमची बाजू हाच कागद घेतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना, तेही बघा. नूतनीकरण विसरणारे कमी नाहीत.

पहिले दोन आठवडे: खोलीत बसू नका

इंग्लंडमध्ये नॉर्विच गावी मोहरीचा एक मोठा कारखाना होता. १८७८ मध्ये तिथे फिलिपा फ्लॉवरडे नावाच्या नर्सची नेमणूक झाली. कारखान्यातल्या पहिल्या काही नर्सपैकी ती एक. सकाळी डॉक्टरांना मदत आणि दुपारी आजारी कामगारांच्या घरी चक्कर, असा तिचा दिवस असे. म्हणजे हा पेशा सुरू झाला तेव्हापासूनच त्यातलं अर्धं काम खोलीबाहेरचं आहे.

तुम्हाला घरोघरी जायचं नाही, शॉप फ्लोअरवर जायचंय. पहिले दोन आठवडे रोज एक तास. सेफ्टी ऑफिसरला बरोबर घ्या, आणि एक साधी दोनशे पानी वही. प्रत्येक विभागाला चार पानं सोडा. आत जाताना सेफ्टी शूज, गॉगल, इयरप्लग, सगळं घालूनच जा. सिस्टर बिनगॉगलची फिरली की वर्षभर तुमच्या तोंडून गॉगलबद्दल कोणी ऐकून घेणार नाही.

काय बघायचं? माणूस उभा कुठे आहे, हात कुठवर जातो, किती वजन किती वेळा उचलतो. आवाज एवढा आहे का, की हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतंय? मग तिथे आवाज मोजून घ्यायची वेळ आली असं समजा. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे. वास कसला येतो. धूर वर ओढणारा पंखा चालू आहे, की थंडी वाजते म्हणून कोणी बंद केलाय. हात कशाने धुतात? थिनरने ग्रीस काढणारे महाभाग प्रत्येक कारखान्यात भेटतात आणि महिन्याभराने हाताची सालटी निघाली म्हणून ओएचसीत येतात. पाणी प्यायची जागा किती लांब. डबा कुठे खातात.

वापरातल्या प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट स्टोअरमधून मागून घ्या आणि त्यातला प्रथमोपचाराचा भाग मराठीत आणि हिंदीत दोन-दोन ओळींत उतरवून विभागवार फाइल करा. सोळा पानी इंग्रजी शीट रात्री अडीच वाजता कोणी वाचत नाही.

आणि माणसांशी बोला. "काय त्रास होतो?" असं विचारलंत तर "काय नाय सिस्टर, सगळं ठीक" हेच उत्तर येईल. "घरी गेल्यावर काय दुखतं?" असं विचारा. लगेच हात खांद्याकडे किंवा कंबरेकडे जातो.

ओपीडी रजिस्टर वाचायला शिका

बहुतेक ओएचसीत रजिस्टरला पाच रकाने असतात: तारीख, नाव, तक्रार, औषध, सही. त्यात आणखी तीन वाढवा: विभाग, मशीन किंवा लाइन, आणि पाळीतला कितवा तास. लिहायला दहा सेकंद जास्त लागतात. महिनाअखेरीला नाव झाकून फक्त हे तीन रकाने वाचा.

एकदा तीन आठवड्यांत सहा जण उजवा खांदा धरून आले. सहा वेगळी माणसं, वेगवेगळ्या दिवशी, त्यामुळे येताना कोणाच्या लक्षात आलं नाही. मी प्रत्येकाला मलम लावलं, गोळी दिली. महिन्याच्या शेवटी रकाना बघितला तर सहाही एकाच लाइनचे, एकाच स्टेशनचे. खाली जाऊन पाहिलं. फिक्श्चर, म्हणजे काम करताना सुटा भाग घट्ट धरणारा साचा, नवीन आलेलं, त्याची क्लॅम्पची दांडी जुन्यापेक्षा वीतभर उंच. पाच फूट तीन इंचाच्या पोराला दर पिसाला हात खांद्याच्या वर न्यावा लागत होता, पाळीला चारशेच्या वर वेळा. मेंटेनन्सच्या मामांनी उरलेल्या पॅलेटच्या फळ्यांचा सहा इंची चौथरा करून दिला. खर्च शून्य. पुढच्या महिन्यात त्या स्टेशनवरून खांद्याचा एकच जण आला, आणि तो घरी गोठ्यात पडला होता.

वारही बघा. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्यांना जस्ताच्या धुराने ताप येतो: पाळी संपल्यावर काही तासांनी थंडी वाजते, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव, आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. रोजच्या धुराला शरीर थोडं सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो, म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त. सगळीकडे याला सोमवारचा ताप म्हणतात, आमच्याकडे तो शुक्रवारी येतो. शुक्रवारी रात्री थंडी-तापाने आलेला वेल्डर व्हायरलचाही असू शकतो, मलेरियाचाही. पण "आज काय वेल्ड केलंस?" हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला सोडू नका.

तपासण्या: रुजू होतानाची आणि दरवर्षीची

कामावर घेण्याआधीची तपासणी माणसाला नाकारण्यासाठी आहे, असा एचआरचा आणि उमेदवाराचा दोघांचाही समज असतो. तिचा खरा उपयोग दोन ठिकाणी. माणूस आणि काम जुळतं का ते बघणं, आणि आज त्याचे कान, फुप्फुसं, डोळे कसे आहेत याची नोंद ठेवणं. ही पहिली नोंद नसेल तर दहा वर्षांनी कमी झालेलं ऐकू येणं कारखान्याने केलं की लग्नाच्या डीजेने, हे कोणीच सांगू शकत नाही.

धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांची तपासणी त्या कामावर लावण्याआधी आणि नंतर १२ महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा व्हायला हवी. काही प्रक्रियांना सहा महिन्यांनी. सगळ्या कारखान्याला एकच पॅकेज लावणारा लॅबवाला भेटेल: सीबीसी, शुगर, एक्स-रे, झालं. त्याला तुमची वही दाखवा. प्रेस शॉपला कान, फौंड्री आणि ग्राइंडिंगला फुप्फुसं, क्रेन आणि फोर्कलिफ्टला नजर आणि रंगओळख, इलेक्ट्रिशियनला रंगओळख, कँटीनवाल्यांना नखं, त्वचा आणि शौच तपासणी. तपासणी धोक्याला जुळली पाहिजे.

ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीत, सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. कान आवाजातून बाहेर येऊन किमान १४ तास झालेले हवेत, नाहीतर थकलेला कान बहिरा दिसतो. पाळीच्या मध्ये लाइनवरून उचलून आणलेल्या माणसाचा आलेख कागदाच्या किमतीचाही नाही. आम्ही कानांची तपासणी शुक्रवारी पहिल्या पाळीला, लाइनवर जायच्या आधी ठेवायला लागलो. गुरुवारची सुट्टी आयती मिळते. आधी कानात डोकावून मळ आहे का बघा. आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा आणि ८००० ला परत वर आलेली रेघ दिसली तर तो आवाजाचा शिक्का. तो माणूस अजून सगळं ऐकतो, गप्पा मारतो, त्यामुळे त्याला पटत नाही. त्याला आलेख दाखवा, बोट ठेवून दाखवा. आवाजाने आलेला बहिरेपणा कळवण्याच्या आजारांच्या यादीत आहे, सिलिकोसिससारखाच. तसा संशय आला की डॉक्टरांच्या नजरेस आणणं तुमचं काम, कळवणं त्यांचं.

स्पायरोमेट्रीला, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायच्या तपासणीला, माणूस घाबरतो आणि हळू फुंकतो. तुम्ही स्वतः एकदा करून दाखवा. उंची चपला काढून, पट्टीला पाठ लावून मोजा, "किती उंची?" विचारून लिहू नका, अपेक्षित आकडा उंचीवरच निघतो. नाकाला क्लिप, पूर्ण श्वास, मग एकदम जोरात आणि सहा सेकंदांपर्यंत दम न सोडता. नीट जमलेले तीन प्रयत्न हवेत. तासभर आधी बिडी-सिगारेट नको. आणि तोंडातली तंबाखू थुंकायला लावा. एकदा मी विसरले होते. माउथपीसची काय दशा झाली ते सांगत नाही.

उंचीवर चढणाऱ्यांना चक्कर आणि मिरगीबद्दल विचारावंच लागतं. इथे आपल्या भाषेची एक गंमत आहे. मी एका नव्या पोराला विचारलं, "तुला फिट आहे का?" तो छाती पुढे काढून म्हणाला, "हो सिस्टर, एकदम फिट!" तेव्हापासून मी विचारते, "कधी शुद्ध हरपून हातपाय वाकडे झालेत का? लहानपणी? घरच्यांनी कांदा हुंगवलाय का?" कांद्याचा प्रश्न आला की खरं उत्तर निघतं.

बीपी पहिल्याच वेळी जास्त आला तर लगेच लाल शेरा मारू नका. पोरगा जिना चढून आलेला असतो आणि नोकरी जाईल या धास्तीत असतो. पाच मिनिटं बसवा, पाठ टेकवा, परत घ्या. तरी जास्तच असेल तर दुसऱ्या दिवशी.

'फिट' लिहिताना काय सांगायचं, काय नाही

एचआरमधून फोन येतो: "त्या अमक्याला नक्की झालंय काय?" उत्तर एकच: "चार आठवडे वजन उचलायचं काम देऊ नका, मग परत तपासू." आजाराचं नाव नाही. एचआरला, सुपरवायझरला माणूस कुठलं काम करू शकतो एवढंच कळायला हवं. मधुमेह, टीबी, एचआयव्ही, गर्भारपण, मानसिक आजाराच्या गोळ्या, यातलं काहीही तुमच्या तोंडून कँटीनपर्यंत गेलं की त्या दिवसापासून कोणी तुम्हाला खरं सांगणार नाही. ओएचसी बंद केलं तरी चालेल मग. कपाटाची किल्ली तुमच्याकडे आणि डॉक्टरांकडे, तिसरी नको. सॉफ्टवेअरमध्ये नोंदी असतील तर कोणाकोणाला लॉगिन दिलंय ते विचारा. मी विचारलं तेव्हा टाइम ऑफिसलाही दिलेलं निघालं.

कामगाराला मात्र स्वतःची नोंद बघायचा हक्क आहे. मागितली तर दाखवा, समजावून सांगा.

अपघात झाला की

या भागावर वेळ काढा, कारण इथे मिनिटं मोजली जातात. तयारी आधीची. एक पाठीवरची पिशवी भरून दाराशी टांगा: दाबपट्ट्या, कात्री, ग्लोव्ह्ज, श्वासाची पिशवी, सलाईन, स्वच्छ प्लास्टिक पिशव्या, टॉर्च. दर सोमवारी उघडून बघा. जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात हातावर सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत, भाजलेल्यांचा विभाग कुठे आहे, रात्री डोळ्यांचे डॉक्टर कुठे मिळतात, हे फोन करून, शक्य असेल तर जाऊन पाहून ठेवा. १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात. गेटवरच्या सिक्युरिटीला रुग्णवाहिका कुठून आत घ्यायची ते पाठ हवं.

*डोळ्यात रसायन.* ओएचसीत आणायचं नाही, जिथे उडालं तिथल्या आयवॉशवर पापण्या ताणून किमान १५ मिनिटं धुवायचं. कॉस्टिक किंवा चुना असेल तर आणखी जास्त. अॅसिडवर सोडा, कॉस्टिकवर लिंबू असले प्रयोग नकोत. आणि आयवॉश दर आठवड्याला स्वतः चालवून बघा. एका एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता मी नळ सोडला तर पाणी चहाला ठेवल्यासारखं तापलेलं. पाइप पत्र्यावरून उन्हातून आला होता. त्या पाण्याखाली डोळा कोण धरेल? पाइपला आच्छादन करून घेतलं.

*वेल्डिंगचा डोळा.* त्या वेळी काही नसतं, रात्री घरी गेल्यावर डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं. बधिर करणारे थेंब मागतील, घरी न्यायला कधीही देऊ नका. ग्राइंडिंगचा कण बुबुळात रुतलेला दिसला तर ड्रेसर काडीने काढायला बसतो, त्याला थांबवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

*भाजणं.* २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. अंगठी, घड्याळ, कडं सूज यायच्या आत उतरवा.

*प्रेसमध्ये बोट.* जखमेवर दाब द्या, हात वर धरा. तुटलेला भाग शोधायला एका शहाण्या माणसाला पाठवा, तो गोंधळात मशीनखालीच राहतो. तो ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिक पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फात ठेवला तर पेशी मरतात. लोक तो कूलंटच्या (मशीन थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या) चिंधीत नाहीतर चहाच्या ग्लासात आणतात, म्हणून प्रेस शॉपच्या पेटीत पिशवी आणि गॉज आधीच ठेवून, चित्र काढून चिकटवा. जखमीला चहा-पाणी पाजू नका. भूल द्यायची असते.

*ग्रीसगनची टोचणी.* ही मी चूक करून शिकले. मेंटेनन्सचा एक फिटर आला, तर्जनीच्या टोकाला टाचणी टोचल्याएवढा ठिपका. रक्त नाही, दुखणं फारसं नाही. मी पुसलं, पट्टी लावली, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय विचारलं आणि पाठवला. "कशाने झालं?" हे विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट सुरणाएवढं, निळसर. प्रचंड दाबाखालचं ग्रीस त्या ठिपक्यातून आत घुसून पार तळव्यापर्यंत पसरलं होतं. सर्जननी तळवा उघडून धुतला. बोट वाचलं, पण पुरतं वाकत नाही. ग्रीसगन, हायड्रॉलिक पाइप, पेंटची स्प्रेगन यांची टोचणी कितीही क्षुल्लक दिसली तरी त्याच तासात सर्जनकडे. माझ्या वहीत हे पहिल्या पानावर आहे.

*कोसळलेला माणूस.* हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर छाती दाबायला सुरुवात. मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे दोन श्वास. विजेचा झटका असेल तर आधी पुरवठा बंद, मग हात.

प्लेटिंगमध्ये सायनाइड किंवा कुठे हायड्रोफ्लोरिक अॅसिड असेल तर त्यावरचा उतारा ओएचसीत हवा आणि तो कोणी, कसा द्यायचा हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या.

सगळं शांत झाल्यावर कागद. ४८ तास किंवा जास्त माणूस कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवावा लागतो. मग सुरू होतं एक नेहमीचं नाटक: प्लास्टर घातलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून हजेरी लावायची, म्हणजे 'लॉस्ट टाइम' दिसत नाही. तुम्ही तुमच्या रजिस्टरमध्ये झालेली वेळ, जागा, जखम जशी असेल तशी लिहा. खाडाखोड नको, सही तुमचीच असते. ईएसआयसीचा, म्हणजे राज्य कामगार विम्याचा, कामगार असेल तर अपघाताची नोंद त्यांच्याकडे वेळेत गेलीय ना याचा पाठपुरावा करा. कामावर झालेल्या इजेला नोकरीचा पहिला दिवस असला तरी लाभ लागू होतो आणि बरा होईपर्यंत रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात. हे ठेकेदाराच्या पोरांना कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

ठेकेदाराची माणसं

सगळ्यात घाणेरडं काम त्यांच्याकडे आणि ओएचसीत सगळ्यात कमी येतात तेही तेच. "कार्ड नाही म्हणून आत येऊ का?" असं दारात उभं राहून विचारतात. टाकी साफ करणारे, भट्टीची राख काढणारे, हाउसकीपिंगच्या मावश्या, सगळ्यांची यादी मागून घ्या आणि तपासणीच्या वेळापत्रकात त्यांना कायम कामगारांच्या आधी बसवा, कारण ते कधी बदलून जातील सांगता येत नाही. बहुतेक जण बिहार, ओडिशा, मराठवाड्यातून आलेले असतात. माझ्याकडे हिंदीतल्या पन्नास वाक्यांचा एक कागद आहे, तो नव्या ड्रेसरला पहिल्या दिवशी देते.

उपास, ऊन आणि तिसरी पाळी

कॅलेंडर भिंतीवर हवं आणि त्यात उपासांवर खूण. आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजान. फोर्जिंगच्या भट्टीपुढे निर्जळी उपास करणारा माणूस दुपारी पडतो, आणि पडताना शेजारी काय आहे ते तुम्ही पाहिलेलंच असतं. उपास सोडा म्हणू नका, कोणी ऐकणार नाही. आठवडाभर आधी सुपरवायझरला भेटून त्या चार दिवसांपुरती भट्टीपुढची माणसं आलटून पालटून लावायला सांगा. पाणी पिणाऱ्यांना दर वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न बघता. ओआरएसचं एक पाकीट एका लिटरला. आमच्याकडे ते पेलाभर पाण्यात सरबतासारखं करून पीत होते. आता पाकिटाबरोबर लिटरची बाटलीही देते.

तिसऱ्या पाळीत मधुमेहवाल्यांकडे लक्ष. गोळी सकाळची, जेवण रात्रीचं, पाळी दर आठवड्याला बदलणारी. साखर कधी खाली जाईल नेम नाही. प्रत्येकाची गोळ्यांची वेळ पाळीप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी ठेवायला लावा. पहाटे तीन ते पाच या वेळेतले अपघात वेगळे मोजा.

औषधांच्या मुदतीच्या तारखा आणि जैववैद्यकीय कचरा यावर फार लिहीत नाही, ते तुम्ही शिकून आला आहात. एवढंच, की दोन खोल्यांच्या ओएचसीलाही २०१६ चे कचरा नियम लागतात, आणि सुया कँटीनच्या ओल्या कचऱ्यात सापडल्या तर मावशीच्या हाताला टोचतात. हिपॅटायटिस बी चे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, मावशींनाही द्या.

साहेबांपुढे काय मांडायचं

दर महिन्याच्या सेफ्टी कमिटीत तुम्हाला पाच मिनिटं मिळतील. "ओपीडीत ८१२ पेशंट पाहिले" असं सांगितलंत तर मान डोलावून पुढचा विषय घेतील. त्यापेक्षा एकच गोष्ट न्या: एक स्टेशन, एक तक्रार, किती जण, आणि काय बदललं तर थांबेल. सोबत मोबाइलवर काढलेला एक फोटो. प्लांट हेडला आरोग्य कळत नसेल, मशीन मात्र नक्की कळतं. चौथऱ्याची गोष्ट मी अशीच मांडली होती. त्यानंतर कूलंटच्या टाक्यांचं मागितलं, मग पेंट शॉपच्या पंख्याचं. पंख्याला दीड वर्ष लागलं. प्रत्येक मीटिंगच्या मिनिट्समध्ये मी तो लिहून घेत राहिले.

परवा त्याच लाइनवरचा एक पोरगा आला. म्हणाला, "सिस्टर, पित्ताची गोळी." मी विचारलं, "कुठल्या मशीनवर?" तो हसला. "विचारणार माहीत होतं. नवीन वॉशिंग मशीन आलंय ना, त्याच्या वाफेचा वास पोटात जातो." गोळी दिली, वॉर्डबॉयला खोलीवर बसवलं आणि शूज घातले.